विहीणबाईंचा लाल चहा

काताहिरा सेइगो टेलिफोनवर एक वाक्य बोलून बसले आणि त्या वाक्यानं त्यांचा सगळा उन्हाळा खाल्ला.

लेकीचा कोबेहून फोन आला होता. तिच्या सासूबाई म्हणत होत्या की एकदा तुमच्या गावी जाऊन येऊ, तर पितरांच्या, बोनच्या सणाच्या आधी आलो तर चालेल का? काताहिरा म्हणाले, "या की." शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मिनोरी पुढे सहज बोलून गेली, "बाबा, त्यांना हिरवा चहा सोसत नाही, लक्षात आहे ना? येताना मी त्यांच्या लाल चहाची पुडी घेऊन येते." आणि काताहिरांच्या तोंडून निघून गेलं, "पुडी कशाला? लाल चहा आपण घरचा पाजू."

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आपल्या घरी लाल चहा नाही, पूर्वी कधी नव्हता, आणि तो कसा करतात हेही आपल्याला माहीत नाही.

बाहेरचं जग ज्याला काळा चहा म्हणतं त्याला जपानी माणूस लाल चहा म्हणतो. माणूस कपात बघून नाव ठेवतो की डब्यात बघून, एवढाच तो फरक. पण ओई नदीच्या वरच्या अंगाला, शिझुओकाच्या डोंगरात, जिथे घराच्या उंबऱ्यापासून स्मशानाच्या कुंपणापर्यंत हिरव्या चहाच्या रांगा आहेत, तिथे लाल चहाचं नाव काढणं म्हणजे देवळाच्या पायरीवर बसून देवाला नावं ठेवण्यासारखं होतं. काताहिरांनाही ते मान्य होतं. त्यांचं दुखणं निराळंच होतं. लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी घरचा, पहिल्या खुडीचा, वर्षातला उत्तमातला उत्तम चहा स्वतःच्या हातानं करून विहीणबाईंपुढे ठेवला होता. तोकुनागा किवा या कोबेच्या बाई. पाठीचा कणा असा ताठ की भिंतीला टेकल्या तर भिंतच सरळ व्हावी. त्यांनी कप उचलला, ओठांना लावल्यासारखा केला आणि होता तसा भरलेला खाली ठेवला. बैठक संपेपर्यंत काताहिरा सगळ्यांशी हसून बोलले, पण त्यांचं सगळं लक्ष त्या कपात थिजलेल्या चहाकडे होतं.

"पान तर तेच असतं," फोन आला त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले. "खुडलं की लगेच वाफ दिली तर हिरवा चहा. वाफ न देता सुकवलं, पिळलं, मुरू दिलं की लाल. म्हणजे बघ, वाफेचं एक काम कमीच."

फुसाएबाई मुळे सोलत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुठे कळलं?"

"टीव्हीवर."

फुसाएबाईंनी पुढचा मुळा हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईमाणूस नवऱ्याच्या कुठल्या वाक्यावर शक्ती खर्च करायची ते ओळखून असतं.

पहिलं घोडं अडलं ते पिळण्यापाशी. सुकलेलं पान चांगलं दाबून, मळून, त्याचा रस बाहेर काढावा लागतो. गावच्या सहकारी कारखान्यानं लाल चहाचा वास यंत्राला लागेल म्हणून दारातच हात जोडले. तेव्हा काताहिरांना आठवण झाली की नगर कचेरीच्या शेती विभागात पान पिळायचं एक छोटं यंत्र धूळ खात पडलं आहे. आता कचेरी म्हणजे त्यांचं माहेरच. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते आणि अर्ज परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्यांच्या खुर्चीवर आता शिराकी नावाचा त्यांचाच जुना हाताखालचा माणूस बसला होता. त्यानं उभं राहून स्वागत केलं, तब्येत विचारली आणि सगळं ऐकून घेऊन अतिशय दुःखी चेहरा केला. अडचण अशी होती की यंत्र द्यायचं ते फक्त 'चहा'साठी, आणि नियमात चहा म्हणजे हिरवा चहा. लाल चहा 'प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ' या सदरात जातो. त्या सदराला लोणच्याची खोली मिळते, यंत्र मिळत नाही.

"असला नियम कुठल्या मूर्खानं लिहिला?" काताहिरांनी विचारलं.

शिराकी खाली बघत म्हणाला, "साहेब, मसुदा आपलाच होता. अजून आम्ही नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो."

काताहिरा घरी आले ते काहीसे दुखावलेले आणि, खरं सांगायचं तर, काहीसे सुखावलेलेही. नियम खरोखरच नीट लिहिलेला होता. त्यात बोट शिरायला जागा नव्हती.

मग आपला हात जगन्नाथ. मागच्या उतारावर सासऱ्यांच्या वेळच्या चहाच्या दोन रांगा होत्या. त्यातलं दुसऱ्या खुडीचं पान त्यांनी टोपलीभर खुडलं आणि सुकायला पसरलं. पावसाळा संपता संपत नव्हता. हवा अशी की धुतलेला मोजा चार दिवस ओला राहावा. पानं आधी ओसरीत पसरली, मग बैठकीच्या चटयांवर, मग देवाच्या कोनाड्यापुढे. शेवटी झोपायच्या खोलीत पसरली तेव्हा फुसाएबाई आपलं अंथरूण घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. पान मात्र होतं तसं टवटवीत.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ले यायला त्याहून कमी लागला. शेजारच्या इसोबेआजींचं म्हणणं पडलं की पंखा लावा. न्हाव्याच्या मते पंख्यानं पानाला सर्दी होते, पान गाडीत ठेवावं. बंद गाडीत त्याचं पाळीव कासव वाळलं होतं. आणि मोचिझुकी, म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांच्या हिरव्या चहाला प्रांताचं बक्षीस मिळालं होतं आणि ते मिळाल्याचं ज्यांनी अजून कुणाला विसरू दिलं नव्हतं, ते कुंपणापाशी येऊन बराच वेळ पानाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काताहिरासान, काही अडचण असेल तर आम्हाला सांगायचं. माणसानं एकदम या थराला जाऊ नये."

दुसऱ्या दिवशी नेमकं ऊन पडलं. काताहिरांनी न्हाव्याचं ऐकलं. दुपारपर्यंत गाडीत हिरव्या सफरचंदांचा असा सुंदर वास सुटला की ते मुद्दाम आत बसून आले. टीव्हीवरच्या माणसानं हाच वास सांगितला होता. तेव्हाच पान काढायचं होतं. पण सुखाचा क्षण लांबवावासा वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. ते जेवायला गेले, जेवणानंतर जरा पडले, आणि उठून बघतात तो पानाचा पापड झालेला. तरीही वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी वर थोडं पाणी शिंपडलं आणि पिळायचा प्रश्न आपल्या बुद्धीनं सोडवला. सगळं पान उशीच्या अभ्र्यात भरलं, तोंड दोरीनं बांधलं आणि कपडे धुण्याच्या यंत्रात टाकून फिरकी लावली.

अभ्रा फुटला. हे कुणालाही आधी सांगता आलं असतं, पण आधी सांगणारा माणूस अशा वेळी घरात नसतो. काताहिरांनी यंत्र निपटून काढलं, दारामागे सांडलेलं वेचलं आणि फुसाएबाईंना कळू द्यायचं नाही असं ठरवलं. त्या वर्षी देवळाच्या उत्सवाचे पांढरे झगे धुण्याची पाळी काताहिरांच्या घराची होती. फुसाएबाई बाजारातून आल्या, त्यांनी झगे यंत्रात घातले. पिंपाच्या खाली जो चुरा दडला होता त्यानं गरम पाण्यात आपलं काम चोख केलं. झगे बाहेर आले ते फिक्या बदामी रंगाचे, सगळे अगदी एकसारखे. फुसाएबाईंनी त्यातला एक उचलून उजेडाकडे धरला, मग नवऱ्याकडे बघितलं. 

उत्सवाच्या दिवशी मंडळाची सगळी मोठी माणसं बदामी रंगात देवापुढे उभी राहिली. पुजाऱ्यानं एकदा चष्मा पुसला. मोचिझुकी आधीच काळेसावळे. त्या झग्यात ते कुठे संपतात आणि झगा कुठे सुरू होतो ते लांबून कळत नव्हतं. त्यात यंदा पालखीबरोबर देवळाच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाच पुढे राहून चढायच्या होत्या. उतरताना त्यांचे पाय सुजले. घरी जाता जाता ते काताहिरांच्या दारापाशी थांबले आणि हिरव्या चहाच्या गावात लाल चहा आणणाऱ्यांचा देवालाही राग येतो, आणि त्यानं आपल्यावरच तो का काढावा, अशा अर्थाचं बरंच काही बोलले.

दुसरा घाणा काताहिरांनी निमूटपणे हातानं केला. कपडे घासायच्या जुन्या फळीवर पान घासून घासून तळहात हिरवे झाले, मग काळे. वाळवायला भट्टी हवी. ती नव्हती म्हणून मासे भाजायची जाळी वापरली. त्यांनी ती तीनदा धुतली होती. पण जाळीच्या अंगात बांगडा मुरलेला होता. चव बघायला त्यांनी इसोबेआजींना बोलावलं. आजींनी कप संपवला, बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "वाईट नाही. वर थोडा भात हवा."

पाहुणे यायला आता थोडेच दिवस उरले होते. फुसाएबाईंनी बाजारातून लाल चहाचा चांगला डबा आणून घरच्या डब्यात ओतून ठेवायचं सुचवलं. कुणाला कळणार होतं? काताहिरा एरवी इतके तत्त्वाचे नव्हते, पण त्या एका भरलेल्या कपासमोर त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. रांगांवर शेवटचं चांगलं पान उरलं होतं तेवढं त्यांनी खुडलं. यावेळी सावलीत, पंख्यापुढे, दर थोड्या वेळानं हलवत ते नीट सुकवलं आणि सफरचंदाचा वास येताच उचललं. हातानं पिळलं. पण हात आता इतके सोलवटले होते की पिळणं मनासारखं झालं नाही. पान नुसतं मऊ पडलं, रस काही सुटला नाही. मग तसंच ओल्या फडक्यात घट्ट बांधून मुरायला ठेवायची वेळ आली. मुरायला ऊब हवी, बेताची आणि एकसारखी.

घरात तशी ऊब देणारी एकच वस्तू होती. काताहिरांच्या घरचं हिवाळ्यातलं बुटकं टेबल, कोतात्सू: खाली विजेची शेगडी, वर जाड रजई, आणि रजईत पाय घालून घरातल्या सगळ्यांनी बसायचं. जुलैच्या अखेरीला, घामानं गंजिफ्रॉक पाठीला चिकटत असताना, काताहिरांनी माळ्यावरून रजई काढली, टेबल मांडलं, गाठोडं आत ठेवलं, आणि ऊब नीट आहे ना ते बघायला ताप मोजायचं काचेचं यंत्र हातात घेऊन स्वतःही रजईत शिरून बसले.

नेमक्या त्याच वेळी इसोबेआजी काकड्या द्यायला ओसरीवर आल्या. त्यांना दिसलं ते असं: भर उन्हाळ्यात रजई, रजईत घामेजलेला, लालबुंद माणूस, आणि त्याच्या हातात ताप मोजायचं यंत्र. काकड्या तिथेच ठेवून त्या आल्या पावली वळल्या.

तासाभरात माणसं यायला लागली. न्हाव्यानं खरबूज आणलं. कारखान्याच्या लोकांनी डब्यातले पीच पाठवले. शिराकी कचेरीतून सायकलवर आला आणि आम्ही यंत्र द्यायला हवं होतं, नियम काय नियमच असतात, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. काताहिरांना सांगून टाकता आलं असतं. पण रजईत चहा आहे हे सांगायचं म्हणजे पुन्हा गावभर हसू. त्यापेक्षा आजारी पडणं त्यांना मानाचं वाटलं. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि कोणी काही विचारलं तर बारीक आवाजात "बरं आहे" म्हणायला सुरुवात केली. फुसाएबाई खरबूज कापून लोकांना देत होत्या आणि नवऱ्याकडे न बघण्याची खबरदारी घेत होत्या.

सर्वात शेवटी काठी टेकत मोचिझुकी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. परवा दारात आपण जे बोललो त्यानंच या माणसानं अंथरूण धरलं, असं त्यांनी वाटेत मनाशी पक्कं केलं होतं. ते समोर बसले, आजाऱ्याला सोबत म्हणून आपलेही पाय त्यांनी रजईत सारले आणि एका बैठकीत मनातलं सगळं बोलून टाकलं. झगे काय, कपडेच. देव रंग बघत नाही. आपल्या एका काकांनी असंच मनाला लावून घेतलं होतं आणि ऐन उन्हाळ्यात हुडहुडी भरून ते गेले.

बोलता बोलता त्यांचे सुजलेले पाय गाठोड्याला लागले.

"हे छान आहे," मोचिझुकी म्हणाले. "शेकायची पिशवी का?"

काताहिरा बारीक आवाजात "बरं आहे" म्हणाले.

"पायऱ्या चढल्यापासून तळवे ठणकताहेत," मोचिझुकी म्हणाले, आणि गाठोड्यावर दोन्ही तळवे टेकवून ते सावकाश, दाबून, गोल गोल फिरवू लागले. मायेनं बसलेला माणूस लवकर उठत नाही. त्यांनी काकांचं आजारपण सांगितलं, मरण सांगितलं, नंतरची वाटणी सांगितली, आणि वाटणीतल्या अन्यायाच्या जागा आल्या की पायांचा जोर वाढायचा. काताहिरांच्या चेहऱ्यावर जी वेदना दिसत होती ती बघून मोचिझुकींना आणखी गहिवर येई आणि ते आणखी बसत. ते गेले तेव्हा त्यांचे पाय बरेच हलके झाले होते.

काताहिरांनी गाठोडं बाहेर ओढलं. फडकं दुहेरी होतं, एवढंच काय ते समाधान. आतलं पान मात्र त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं असं झालं होतं: प्रत्येक पान बारीक पिळा घेतलेलं, तांब्याच्या नव्या भांड्यासारख्या रंगाचं, आणि पिकल्या पीचच्या वासाचं. फुसाएबाई म्हणाल्या, तो वास डब्यातल्या पीचचा असेल. पण त्यांनीही पुन्हा वाकून एकदा हुंगलं. मग त्यांनीच जेवणाच्या टेबलावरचा विजेचा तवा मंद करून, लाकडी उलथण्यानं हलवत, पान कोरडं होईपर्यंत परतून दिलं. जेमतेम मूठभर चहा झाला. चव बघायलासुद्धा काताहिरांनी त्यातलं काही काढलं नाही.

विहीणबाई आल्या त्या फिक्या करड्या किमोनोत, तेवढ्याच ताठ. मिनोरी त्यांच्यामागे अशी चालत होती जशी सून सासूच्या मागे चालते, म्हणजे ना जवळ ना लांब. नमस्कार झाले, हवापाणी झालं. तेवढ्यात मोचिझुकीही द्राक्षं घेऊन आजाऱ्याच्या समाचाराला आले. त्यांना बसवून घ्यावंच लागलं.

काताहिरांनी चहा केला. आणि इथे त्यांच्या हातानं त्यांना दगा दिला. हिरवा चहा करणारा माणूस उकळतं पाणी पानावर कधी ओतत नाही. आधी कपात ओततो, थोडं निवू देतो, मग पानावर. या गावात ते चालायला शिकण्याच्या वयात शिकतात. काताहिरांचा जन्म त्यात गेला होता. त्यांनी पाणी निववलं, प्रेमानं ओतलं, आणि थोड्याच वेळात कपांत उतरलं ते तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी, किंचित पिवळसर.

विहीणबाईंनी कप उचलला. यावेळी त्यांनी तो संपूर्ण प्यायला. खाली ठेवला आणि म्हणाल्या, "फार सौम्य आहे."

काताहिरांनी मान लववली. सोलवटलेले हात त्यांनी मांडीवर एकमेकांखाली लपवले. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

विहीणबाईंनी ते हात पाहिले की काय कोण जाणे. त्यांनी चहाच्या किटलीचं झाकण उचललं, आत बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली इस्त्री मोडली. "पाणी उकळतं होतं का हो?"

"उकळतं? पानावर?" हे काताहिरा आणि मोचिझुकी दोघंही एकदमच म्हणाले. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"रागावणार नसाल तर," विहीणबाई उठत म्हणाल्या, "मी जरा स्वयंपाकघरात जाऊ का?"

पाहुणीनं, त्यातून विहिणीनं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं म्हणजे काय! फुसाएबाई लगबगीनं मागे धावल्या. पण तोकुनागाबाईंनी तोवर खुंटीवरचा एप्रन किमोनोवर बांधलासुद्धा होता. त्यांनी किटली गरम पाण्यानं विसळून ऊब दिली, उरलेला चहा तिच्यात घातला. पाणी असं खळखळून उकळू दिलं की झाकण उडायला लागलं, आणि मग तसंच्या तसं, वरून धार धरून ओतलं. बैठकीच्या दारातून बघणाऱ्या मोचिझुकींनी डोळे मिटून घेतले. किटलीवर विहीणबाईंनी फुसाएबाईंचा जाड टॉवेल गुंडाळला आणि त्या तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, जशी आई तापातल्या मुलाच्या कपाळावर ठेवते. मिनोरी आईच्या कानाशी म्हणाली, "घरी किटलीला कुणाला हात लावू देत नाहीत. मलासुद्धा नाही."

मग बैठकीत आणून कपांत ओतला. लाल, अगदी नावाप्रमाणे लाल. वाफेबरोबर पिकल्या फळाचा वास बैठकीत पसरला. विहीणबाईंनी एक घोट घेतला, मग दुसरा. मग किटलीतलं उमललेलं एक पान काडीनं काढून तळहातावर घेतलं.

"हे तुम्ही केलंत?"

"अं, हो," काताहिरा म्हणाले.

"पिळणी फार सुरेख झाली आहे. सबंध पान, कुठे फाटलेलं नाही, आणि रस मात्र पुरता सुटलेला. हातानं इतकं साधत नाही. कशानं केलंत?"

हातानंच, असं सांगायला काताहिरांनी तोंड उघडलं. पण फुसाएबाईंची सहनशक्ती, जी चटयांवरच्या पानांत टिकली होती, झग्यांत टिकली होती आणि खरबुजांतही टिकली होती, ती तिथे संपली.

"पायानं," त्या म्हणाल्या. "यांच्या." आणि त्यांनी मोचिझुकींकडे बोट केलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाडी, यंत्र, झगे, बांगडा, रजई, ताप आणि काकांची वाटणी. त्या सांगत होत्या आणि मिनोरी टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होती. काताहिरा चटईच्या विणीचं बारकाईनं निरीक्षण करत होते. मोचिझुकींचा कप ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच थांबला.

"ती पिशवी," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात एक अनोळखी आवाज ऐकू आला. तोकुनागाबाई हसत होत्या. आधी त्यांनी तोंडावर बाही धरली, मग बाही पुरेना, मग त्या चक्क टेबलाला टेकल्या. ताठ कणा पार वाकला. डोळ्यांतलं पाणी पुसून त्या सावरल्या आणि पुन्हा वाकल्या.

मोचिझुकी कपाकडे बघत होते. प्रांताचं बक्षीस, मंडळाचं अध्यक्षपद आणि हिरव्या चहाच्या सात पिढ्या त्यांच्या एका खांद्यावर होत्या. दुसरीकडे तो वास. "पाय तर माझेच आहेत," ते शेवटी म्हणाले आणि प्यायले. मग त्यांनी कप पुन्हा पुढे केला.

"अध्यक्षसाहेब," विहीणबाई त्यांचा कप भरत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कधी बसणार ते मला आधी कळवा. मी येईन."

किटली रिकामी झाली होती, पण त्याच पानातून आणखी एक फेरी निघेल असं त्यांनी सांगितलं. काताहिरा उठले आणि पाणी खळखळून उकळायला ठेवायला आत गेले.